आपलं गाणं कुठे वाजू नये हे करणाऱ्याने ठरवायचं का?

काळी_चार (धागाकर्ता):

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. अमेरिकेत निवडणूक आली की एक बातमी ठरलेली असते, अमक्या गायकाने तमक्या उमेदवाराला बजावलं की माझं गाणं सभेत वाजवायचं नाही. आणि बातमीखालच्या कमेंटीही ठरलेल्या, 'पैसे मिळतायत ना मग गप्प बसा' नाहीतर 'फुकटात प्रसिद्धी मिळतेय तर नखरे कसले'. मी पण आजवर यातल्या दुसऱ्या पार्टीत होतो. आता नाहीये. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी हौशी वाजवणारा, पेटी आणि थोडी गिटार. चार वर्षांपूर्वी पेटीवर एक दीड मिनिटाची धून बांधली, संथ, शब्द वगैरे काही नाहीत. घरीच रेकॉर्ड केली आणि क्रिएटिव्ह कॉमन्सखाली नेटवर सोडून दिली, नाव द्या आणि हवी तिथे वापरा. लोकांनी वापरलीही, कुणी चित्रं काढायच्या व्हिडिओखाली, कुणी मांजराच्या. बरं वाटायचं. गेल्या महिन्यात मित्राने एक क्लिप पाठवली, 'ही तुझीच ना रे?' म्हणून. क्लिपमध्ये एक आजोबा फरशीवरून भिंतीला हात लावत लावत येतायत, फरशीवर साबणाचं पाणी मुद्दाम ओतलेलं, कॅमेरा आधीपासून लावलेला, आणि आजोबा पडतात. आता माझ्या धुनेत एक जागा आहे, सूर अजून संपलेला नसतो पण मी भाता दाबायचा थांबतो आणि हवा संपत संपत पेटी नुसता उसासा टाकते. मी जेवढं म्हणून वाजवलंय त्यात ती जागा मला सगळ्यात जवळची. त्या पठ्ठ्याने आजोबांना बरोब्बर त्या उशाशावर, सॉरी उसाशावर, आडवं केलंय. मग खदाखदा हसणं. शेवटी पाटी: संगीत, आणि पुढे माझं पूर्ण नाव, एकही अक्षर न चुकता.

म्हणजे नियमाने बघाल तर त्याचं काहीच चुकलेलं नाही. परवानगी मीच दिलेली, नाव त्याने दिलंय. चोरी केली असती तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या! एडिटिंग चांगलं आहे हे पण कबूल करतो आणि त्याचाच जास्त राग येतोय. तर प्रश्न असा की एकदा बाहेर सोडलेल्या गाण्याबद्दल करणाऱ्याला 'इथे नको' म्हणता यावं का? पैशाचं विचारत नाहीये.

बिनसुरा:

वाईट वाटलं वाचून, पण मुद्द्याचं बोलायचं तर माझं मत सरळ आहे. दिलं ना? मग संपलं. घर विकल्यावर नवीन मालकाने भिंतींना पोपटी रंग दिला म्हणून जुना मालक दारात येऊन रुसत नाही. हलकेच घ्या.

उगाच_एक:

वाचतोय. बाय द वे ते रेगनने ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' सभांमधून वाजवलं आणि तो भडकला, तिथूनच सुरू झालं ना हे सगळं?

अशीलशोधक:

बिनसुरा, घराचं उदाहरण इथे चालणार नाही, आणि न चालायचं कारण आपल्याच कायद्यात आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७. कॉपीराइट तुम्ही पूर्णपणे विकून मोकळे झालात तरी दोन गोष्टी तुमच्याकडे राहतात. एक, हे मी केलंय असं म्हणायचा हक्क. दोन, तुमच्या कामाची कुणी मोडतोड केली आणि त्याने तुमच्या नावाला, लौकिकाला धक्का लागत असेल तर त्याला अडवायचा हक्क. अमरनाथ सहगल म्हणून शिल्पकार होते, त्यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं, तुकडे झाले. सरकारच्याच मालकीचं शिल्प, म्हणजे तुमचं घर आणि तुमचा पोपटी रंग. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल सहगलांच्या बाजूने दिला, उरलंसुरलं शिल्प त्यांना परत आणि वर पाच लाख भरपाई.

गाण्याचं मात्र अवघड आहे, कारण शिल्प मोडलेलं डोळ्यांना दिसतं. काळी_चार यांची धून कुणी मोडलेली नाही, जशीच्या तशी वाजवलीये, बदलली ती आजूबाजूची जागा. असं नुसतं भलत्या ठिकाणी वाजवणं म्हणजे मोडतोड का, हे पटवताना वकिलाचा घाम निघेल.

तबकडी:

उगाच_एक, हे सगळेच असं सांगतात आणि ते तसं झालेलं नाही. सप्टेंबर १९८४, न्यू जर्सीत हॅमंटन गावी रेगनचं भाषण होतं, त्यात त्याने स्प्रिंगस्टीनचं नुसतं नाव घेतलं, तुमच्या न्यू जर्सीच्या या पोराच्या गाण्यात आशेचा संदेश आहे वगैरे छापाचं. गाणं वाजवलं नाही. आता ज्या माणसाच्या नावावर हा आशेचा संदेश खपवला त्याचं गाणं कशावर? व्हिएतनामहून परत आलेला सैनिक, त्याला काम नाही, कुणी विचारत नाही. पण धृपद मुठी आवळून ओरडण्यासारखं, आणि गर्दीला धृपदच ऐकू येतं. स्प्रिंगस्टीनने नोटीस वगैरे पाठवली नाही. दोन-तीन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्टेजवर म्हणाला की राष्ट्राध्यक्षांची माझी आवडती रेकॉर्ड कुठली असेल बुवा, 'नेब्रास्का' तर नसावी, आणि त्याच रेकॉर्डमधलं 'जॉनी ९९' सुरू केलं, कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या आणि हातून खून झालेल्या माणसाचं. माझ्या मते आजवर कुठल्याही गायकाने घेतलेला हा सगळ्यात देखणा आक्षेप. बाकीचे वकील गाठतात.

काळी_चार:

तबकडीकाका, दंडवत. पण मग वकील गाठूनसुद्धा हे लोक सभा थांबवू का शकत नाहीत? एवढे मोठे मोठे कलाकार, दर चार वर्षांनी ओरडतात आणि पुढच्या सभेत गाणं परत वाजतंच.

अशीलशोधक:

कारण सभेत गाणं वाजवायला गायकाला विचारावंच लागत नाही. तिकडे अ‍ॅस्कॅप (१९१४ पासून आहे) आणि बीएमआय अशा संस्था लाखो गाण्यांचा एकगठ्ठा परवाना देतात. हॉलवाल्याकडे तो असतो, प्रचारवाले स्वतःचाही घेतात. एकदा घेतला की यादीतलं कुठलंही गाणं वाजवा. आता राजकीय परवान्यात अशी सोय केलीये की कलाकाराने आक्षेप घेतला तर तेवढी गाणी यादीतून काढता येतात. २०२० मध्ये रोलिंग स्टोन्सने हीच वाट धरली आणि बीएमआयने ट्रम्पच्या प्रचारवाल्यांना कळवलं की यांची गाणी आता तुमच्या परवान्यात नाहीत. नील यंगने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरळ दावा ठोकला आणि डिसेंबरात स्वतःच मागे घेतला.

पण तेच गाणं व्हिडिओला जोडलं की खेळ बदलतो. चित्राशी गाणं जोडायचा परवाना वेगळा, त्याला सिंक म्हणतात, तो कुठल्याही गठ्ठ्यात येत नाही, मालकाला गाठूनच घ्यावा लागतो. एडी ग्रँटचं 'इलेक्ट्रिक अ‍ॅव्हेन्यू' २०२० मध्ये ट्रम्पच्या खात्यावरून टाकलेल्या एका कार्टून व्हिडिओत होतं, आगगाडी धावतेय आणि मागून बायडन हातगाडी हलवत येतायत असा तो व्हिडिओ. ५५ सेकंदांचा, त्यात सुमारे ४० सेकंद गाणं. बचाव काय, तर ही राजकीय टिंगल आहे म्हणून चालतं. कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो फेटाळला. टिंगल बायडनची होती, गाण्याची नव्हती, मग गाणं कशाला उचललंत? ते गाणं १९८१ च्या ब्रिक्स्टन दंगलीवर आहे हे व्हिडिओ बनवणाऱ्याच्या गावीही नसावं.

मंद्रसप्तक:

इथे एक तिरका विचार येतो. मला या मंडळींच्या तत्त्वांवर फार विश्वास नाही. व्हिलेज पीपलचा व्हिक्टर विलिस, ज्याने 'वायएमसीए' लिहिलं, तो २०२० मध्ये म्हणाला वापरू नका. २०२३ मध्ये परत नोटीस. २०२४ संपता संपता म्हणाला की वाजवू दे, गाण्याची कमाई चांगली झालीये. आणि जानेवारी २०२५ मध्ये शपथविधीच्या कार्यक्रमांत ग्रूप स्वतःच जाऊन गायला. आता बोला.

दुसरं त्याहून भारी. २०२० च्या रिपब्लिकन अधिवेशनात शेवटी लेनर्ड कोहेनचं 'हालेलुया' दोनदा वाजलं. कोहेन तेव्हा हयात नव्हता, त्याच्या वारसांनी आधी स्पष्ट नाही म्हटलं होतं तरी वाजवलंच. त्यांच्या वकिलांनी निवेदन काढलं त्यात वर टोमणा असा की त्याचंच 'यू वॉन्ट इट डार्कर' (अजून काळोख हवाय तुम्हाला) मागितलं असतंत तर कदाचित दिलं असतं. वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो.

बिनसुरा:

बघा म्हणजे मी काय म्हणत होतो. तत्त्व नाहीये हे, पार्टी आहे. आवडत्या उमेदवाराने वाजवलं की कुणाच्या भावना दुखावत नाहीत. आणि शेवटी पैसे मिळाले की वायएमसीए.

काळी_चार:

असेल ना पार्टी, मी कुठे नाही म्हणतोय. पण माझं बघा, मला त्या क्लिपवाल्याचा पक्षबिक्ष काही माहीत नाही. मला लागलं ते वेगळंच, ती धून आता मला पहिल्यासारखी वाजवता येत नाहीये. परवा वाजवायला बसलो, ती जागा आली, आणि मी भाता सोडलाच नाही, दाबतच राहिलो, सूर सरळ पुढे नेला. हाताने आपणहून केलं. नंतर लक्षात आलं की मी त्या आजोबांना पडू दिलं नाही. हे लिहिताना कैच्याकै वाटतंय पण झालं खरं.

मिंड:

काळी_चार, तुमचं दुःख पोचलं. पण आता मी दुसऱ्या बाजूने बोलणार कारण मी दुसऱ्यांचीच गाणी गाते. या धाग्यावर सगळे संगीतकाराच्या खुर्चीत बसलेत, गाणाऱ्याच्या घशाचं काय?

२०१७ मध्ये संगीतकार इलयाराजांनी गायक एस. पी. बालसुब्रमण्यमना, म्हणजे बालूसरांना, नोटीस पाठवली, गायिका चित्राताईंनाही. अमेरिकेच्या दौऱ्यात माझी गाणी परवानगीशिवाय गायची नाहीत. जी गाणी मुळात बालूसरांनीच गायलीयत ती! कायद्याने इलयाराजांची बाजू लंगडी नसेल, मी वकील नाही. बालूसरांनी फेसबुकवर लिहिलं की असा काही कायदा आहे हे मला ठाऊक नव्हतं, तो असेल तर पाळणं आलं, आम्ही यापुढच्या कार्यक्रमांत बाकीच्या संगीतकारांची गाणी गाऊ. ना चिडचिड ना तमाशा. मला ते वाचून रडू आलं होतं. ज्या आवाजात ते गाणं लोकांच्या कानात बसलंय तो आवाजच गप्प करायचा? दोन वर्षांनी दोघं पुन्हा एका स्टेजवर आले म्हणून बरं, २०२० मध्ये बालूसर गेलेच.

आणि दुसरी गोष्ट, गाणं कुणाच्या हातात फुलेल हे करणाऱ्याला कळतंच असं नाही. नाइन इंच नेल्सचं 'हर्ट' जॉनी कॅशने म्हातारपणी गायलं, २००२ मध्ये. ते मुळात लिहिणाऱ्या ट्रेंट रेझनरला पहिल्यांदा ऐकून कसंतरीच झालं होतं, आपल्या अगदी खाजगी गोष्टीत कुणी परकं शिरल्यासारखं. मग व्हिडिओ पाहिला आणि पठ्ठ्या स्वतःच म्हणाला की हे गाणं आता माझं राहिलं नाही. रागाने नाही, मानाने. त्या पहिल्या अस्वस्थतेच्या भरात त्याने 'इथे नको' म्हटलं असतं तर?

काळी_चार:

मिंडताई, याला उत्तर नाही माझ्याकडे. खरंच नाही. फक्त एक बघा, कॅशने ते गाणं आपल्या आयुष्यावर ओढून घेतलं. माझ्या क्लिपवाल्याने धून दुसऱ्याच्या पडण्यावर लावली. फरक मला जाणवतो, पण कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही.

उगाच_एक:

मसकली २.० ला विसरलात का लोकहो? २०२० मधलंच. रहमानने एकाही शब्दात शिवी न देता त्याचं काय केलं ते आठवा, मूळ गाणं ऐका म्हणाला, आणि मग त्यामागे दोनशेच्या वर वादक नि वर्षभराची डोकेफोड होती हे सांगून मोकळा. रिमिक्सवाल्यांकडे हक्क सगळे रीतसर. म्हणजे परत तेच, नियमाने बरोबर आणि ऐकवत नाही.

तबकडी:

एक जुनं प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, धाग्याचा प्रश्न सगळ्यात नेमका यातच आहे. १९४८. हॉलिवूडमध्ये 'द आयर्न कर्टन' नावाचा सिनेमा निघाला, ओटावातल्या सोव्हिएत वकिलातीतला एक कारकून कागदपत्रं घेऊन फुटला त्याची खरी गोष्ट, म्हणजे सोव्हिएतविरोधी सिनेमा. आणि पार्श्वसंगीताला कोण, तर शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, म्यास्कोव्स्की! चौघंही सोव्हिएत संगीतकार, नावं पण छापली. त्यांच्या नावाने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा, की आमचं संगीत आमच्याच देशाच्या विरोधात वापरलंय, लोकांना वाटेल आमची संमती आहे. कोर्ट म्हणालं की अमेरिकेत या संगीताला कॉपीराइटचं संरक्षणच नाही, ते सगळ्यांचं आहे, आणि संगीत नीट वाजवलंय, मोडतोड कुठाय? दावा फेटाळला. तोच सिनेमा फ्रान्सला गेला तर १९५३ मध्ये पॅरिसचं अपील कोर्ट संगीतकारांच्या बाजूने उभं राहिलं. तीच रिळं, तेच सूर.

आता यातली मेख. ज्या १९४८ मध्ये हा दावा चालू होता त्याच वर्षी फेब्रुवारीत मॉस्कोत पक्षाने ठराव करून याच चौघांना झोडपलं होतं, तुमचं संगीत जनतेचं नाही म्हणून. म्हणजे घरात त्यांचं संगीत वाजू देईनात आणि बाहेर त्याच संगीताच्या अब्रूसाठी भांडण. त्या दाव्यात त्या चौघांचं स्वतःचं मन किती आणि सरकारचं किती? मी शोस्ताकोविच ऐकताना हा प्रश्न दर वेळी डोक्यात येतो. गाणं कुणी कुठे वाजवलं याबद्दल बोलायचा हक्क कलाकाराला द्या म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या तोंडून बोलणारे वारस, कंपन्या, सरकारं रांगेत उभी असतात.

बिनसुरा:

हे माहीत नव्हतं काका. आधीच्या प्रतिसादातली 'पार्टी आहे' वाली ओळ अर्धी मागे घेतो. अर्धीच.

अशीलशोधक:

फ्रान्स वेगळं का वागलं ते थोडक्यात. कॉपीराइटचा जो आंतरराष्ट्रीय बर्न करार आहे त्याच्या १९२८ च्या आवृत्तीत कर्त्याच्या लौकिकाचा हक्क आला, आणि फ्रान्सची कोर्टं त्याच्याही आधीपासून तो मानत आलीयत. अमेरिका त्या करारात १९८९ मध्ये आली, आणि १९९० मध्ये कायदा केला तोही फक्त चित्र-शिल्पवाल्यांसाठी. गाणारे बाहेरच. म्हणून तिकडचे गायक आडवाटेने जातात, 'माझा पाठिंबा आहे असा खोटा समज होतोय' असा दावा करतात.

घोगऱ्या आवाजाचा अमेरिकन गायक टॉम वेट्स, त्याचं प्रकरण त्यातलंच. तो जाहिरातीत गातच नाही, तर एका चिप्सच्या रेडिओ जाहिरातीसाठी त्याच्यासारखा घोगरा गाणारा आणला. गाणं त्याचं नाही, रेकॉर्डिंग त्याचं नाही, नुसती आवाजाची नक्कल. १९९० मध्ये ज्यूरीने नुसती दंडात्मक भरपाईच २० लाख डॉलर दिली आणि १९९२ मध्ये ती वरच्या कोर्टातही टिकली. आज एआयने आवाज उचलतात त्यालाही हाच धागा लागतो, २०२४ मध्ये अरिजित सिंगला मुंबई उच्च न्यायालयाने तसं अंतरिम संरक्षण दिलंय.

आता काळी_चार, तुमच्या कामाचं. तुम्ही दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही, अटी पाळतोय तोवर तो वापरणार. मात्र त्याच परवान्यात एक कलम आहे जे कुणी वाचत नाही. तुम्ही सांगितलंत तर जमेल तितपत त्याला तुमचं नाव काढावं लागतं. वापर थांबत नाही, पण त्या आजोबांच्या पडण्याखालून तुमचं नाव तरी जाईल. साधा मेल करा, नोटीस नको.

काळी_चार:

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजच करतो.

मंद्रसप्तक:

काय झालं ते कळवा.

काळी_चार:

अपडेट. मेल केला, सभ्य भाषेत, तीनदा खोडून लिहिला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, 'सॉरी सर, लगेच काढतो, बाय द वे खूपच सुंदर धून आहे'. आणि खरंच काढलं. आता शेवटच्या पाटीवर संगीतापुढे काहीच नाही. मी पोरावर चिडायची तयारी करून बसलो होतो, तो निघाला अगदीच साधा.

काल रात्री परत क्लिप उघडली, नाव गेलंय ना ते बघायला. खाली कमेंटीत कुणीतरी विचारलंय, 'मागे जी पेटी वाजतेय ती कुणाची आहे? पडायच्या आधीचं ते काय भारी आहे'. एकवीस जणांनी लाइक केलंय. उत्तर कुणीच दिलेलं नाही. मी टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. अजून पाठवलेलं नाहीये.

मिंड:

पाठवा हो.

उगाच_एक:

लिंक द्या की, आम्ही पण ऐकतो.

काळी_चार:

धुनेची देतो, व्यक्तिगत निरोप करा. क्लिपची नाही देणार.